आमची वाटचाल: आकडा आणि इंजिन

आम्ही टर्बो पेट्रोल गाड्यांचं ट्यूनिंग करतो, आणि फक्त तेवढंच करतो. बॉडीकिट, स्पीकर, रंगकाम यांतलं काहीही आमच्या शेडमध्ये कधी झालं नाही. सुरुवातीला लोकांना हा हट्ट वाटायचा. मोठा टर्बो बसवायचा, बूस्ट (टर्बो देतो तो हवेचा दाब) वाढवायचा, फ्यूएल प्रेशर थोडं चढवायचं, झाली गाडी ट्यून, अशी तेव्हाची समजूत होती. टायमिंगला, म्हणजे ठिणगी कधी पडते त्याला, कोणी हात लावत नसे. लावलाच तर डिस्ट्रिब्युटर अंदाजाने फिरवायचा आणि गाडी कशी ओढते ते बघायचं.

माझा भागीदार मशीन शॉपमधून आलेला. हेड, व्हॉल्व्ह, बोअर ही त्याची दुनिया. वायरिंग आणि लॅपटॉप माझा. आमच्या धंद्याचं पहिलं हत्यार त्याने बनवलं: तांब्याची नळी, एक टोक चपटं करून भोक पाडलेलं आणि ब्लॉकला बोल्टने आवळलेलं, दुसऱ्या टोकाला रबरी होज, आणि होज कानावरच्या मफमध्ये घातलेला. गाडी डायनोवर, म्हणजे पॉवर मोजणाऱ्या यंत्रावर, लोडला असताना तो डोळे मिटून ऐकायचा. इंजिनाची एकसारखी घरघर चालू असते, तिच्यात नॉक, म्हणजे सिलिंडरमधल्या मिश्रणाचा अवेळी होणारा स्फोट, बारीक टणत्कारासारखा वेगळा उमटतो. त्याने हात वर केला की मी ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचो. ८६ मिमी बोअरच्या इंजिनाचा नॉक साधारण ६.७ किलोहर्ट्झच्या आसपास वाजतो, हे गणित मी नंतर शिकलो. त्याच्या कानाला ते आधीच माहीत होतं. आज आमच्याकडे नॉकसाठी इलेक्ट्रॉनिक अँप्लिफायर आहे, फिल्टर आहे, स्क्रीनवर आलेख आहे. तरीही नवीन इंजिन आलं की ती नळी लागतेच, कारण सैल ब्रॅकेट किंवा वाजणारा टॅपेट सेन्सरला नॉकच वाटू शकतो, कानाला नाही.

दुसरी मोठी खरेदी वाइडबँडची, म्हणजे एग्झॉस्टमधून हवा-पेट्रोलचं प्रमाण नेमकं मोजणाऱ्या सेन्सरची. बॉशचा एलएसयू ४.९ हातात आला आणि आमचं काम खऱ्या अर्थाने सुरू झालं. नॅरोबँडवर, म्हणजे साध्या ऑक्सिजन सेन्सरवर, बूस्टमध्ये ट्यूनिंग करणारे तेव्हाही होते, अजूनही आहेत. तो सेन्सर मिक्श्चर १४.७ च्या (वजनाने एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा, हा समतोल) अलीकडे आहे की पलीकडे एवढंच भरवशाने सांगतो. गाडी ०.८० लॅम्डाला (समतोलाच्या तुलनेत हवा किती; १ पेक्षा कमी म्हणजे पेट्रोल जास्त) चालली आहे की ०.८८ ला, हे त्याच्यावरून ठरवता येत नाही, आणि बूस्टमध्ये पिस्टनचं आयुष्य त्याच फरकावर उभं असतं. नवीन मुलांना मी पहिल्याच दिवशी सांगतो की एएफआरमध्ये (हवा-पेट्रोलच्या थेट प्रमाणात) नाही, लॅम्डामध्ये विचार करा. पेट्रोलचा समतोल १४.७ ला, ई८५ चा (८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं इंधन) साधारण ९.८ ला, लॅम्डा १ मात्र दोन्हीकडे १ च. आणि मिसफायर होणारी गाडी रिच (पेट्रोल जास्त) असूनही मीटरवर लीन (पेट्रोल कमी) दिसते, कारण न जळलेला ऑक्सिजन सेन्सरपर्यंत पोहोचतो. ते बघून आणखी पेट्रोल ओतणारे मी पाहिले आहेत. आधी प्लग बघा, कॉइलचा ड्वेल (चार्ज होण्याचा वेळ) बघा.

मधली वर्षं कामात गेली, चांगली गेली. पण आमचं नाव काढलं की लोक अजून एकाच गोष्टीबद्दल विचारतात. ती एकदाची नीट सांगतो.

दोन लिटरच्या एका गाडीला आम्ही मॅप करून दिला होता, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधले (ईसीयू) पेट्रोल आणि टायमिंगचे तक्ते. पंपावरच्या पेट्रोलवर, १.१ बार बूस्ट, पीक टॉर्कला लॅम्डा ०.७९, टायमिंग नॉकच्या सीमेपासून ३ अंश मागे. गाडी महिनोन्‌महिने उत्तम चालली. मग मालकाला पॉवरचा आणखी मोठा आकडा हवा होता, म्हणून तो दुसऱ्या एका ट्यूनरकडे गेला. त्या माणसाचं नाव घेणार नाही. धंद्यातल्यांना ते माहीत आहे. त्याने डायनोवर एकाच पुलात (पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून मारलेल्या एका फेरीत) मोठा आकडा काढून दाखवला आणि तो सगळीकडे मिरवला. काही आठवड्यांनी लांब चढावावर, भर उन्हात, इंजिन बसलं. आणि त्याने सांगायला सुरुवात केली की मूळ मॅप आमचा होता, त्याने फक्त 'हात फिरवला' होता.

ईसीयूला त्याने पासवर्ड घातलेला, त्यामुळे आत काय बदललं ते कोणालाच दिसेना. आमची बुकिंगं एकामागोमाग एक रद्द झाली. ज्यांच्या गाड्या आमच्या मॅपवर खुशाल चालत होत्या, तेही फोन करून विचारू लागले की मॅप काढून टाकू का. आम्ही डायनो विकायला काढला होता.

इंजिन भागीदाराने स्वतः उघडलं, मालकाच्या समोर. पिस्टनच्या पहिल्या आणि दुसऱ्या रिंगमधली लँड (मधला पट्टा) तुटलेली. प्लगच्या पोर्सिलेनवर मिरीच्या पुडीसारखे काळे-चंदेरी ठिपके, म्हणजे पिस्टनचं ॲल्युमिनियम. ही नॉकची खूण आहे, आणि आमच्या लॉगमध्ये नॉकचा मागमूस नव्हता. अखेर पासवर्ड मिळाला तेव्हा दिसलं की पीक टॉर्कला टायमिंग ५ अंश पुढे ढकललेलं आहे आणि इनटेकच्या तापमानानुसार टायमिंग मागे घेणारा तक्ता शून्याने भरून टाकलेला आहे. थंड इंटरकूलरवर (टर्बोतून आलेली हवा गार करणारा रेडिएटर) एक पुल मारायला असा मॅप पुरतो. चढावावर पुरत नाही.

पण गेलेली गिऱ्हाइकं नुसते कागद दाखवून परत येत नाहीत. ती आली आमच्या सर्वांत जुन्या ग्राहकामुळे. आम्ही त्यांना काका म्हणतो. त्यांच्याकडे तेच इंजिन, तोच टर्बो, आणि कित्येक वर्षं आमचाच मॅप. बोलणाऱ्यांना त्यांनी स्वतः फोन करून बोलावलं, गाडी डायनोवर चढवली आणि म्हणाले, "पंखा बंद करा आणि मी थांब म्हणेपर्यंत मारत राहा." लागोपाठ पुल चालू झाले. इनटेकचं तापमान चढत गेलं आणि प्रत्येक पुलाला पॉवर थोडी थोडी उतरत गेली. मागून कोणीतरी म्हणालं, बघा, पडली. काकांनी स्क्रीनकडे बोट दाखवलं: "पडली नाही. टायमिंग मागे घेतंय. पिस्टन वाचवतंय." नॉकचा आलेख शेवटपर्यंत सपाट राहिला. त्या दिवशी उभे असलेल्यांपैकी अर्धे जण आज आमचे ग्राहक आहेत. ज्याने हे सगळं सुरू केलं त्याने मात्र आजवर एक शब्द मागे घेतलेला नाही, आणि ते मला अजून सलतं.

तेव्हापासून आम्ही ईसीयूला कुलूप लावत नाही. फाइल, लॉग आणि तापलेल्या गाडीचा पुल, तिन्ही मालकाच्या हातात देतो. आकड्यामागे लागू नका हे मी प्रत्येकाला सांगतो, त्याने विचारलं नसलं तरी. टायमिंग एकेक अंशाने वाढवा आणि टॉर्क बघा. अंश वाढला आणि टॉर्क वाढला नाही, तर तो अंश काढून घ्या, तो फक्त सिलिंडरमधला दाब वाढवतोय. ६००० आरपीएमला १ अंश म्हणजे सेकंदाचा ३६ हजारावा भाग, पण पिस्टनला तेवढाही कळतो. आणि भीतीपोटी टायमिंग फार मागेही ओढू नका. जळण उशिरापर्यंत चालतं, एग्झॉस्ट तापतो, आणि मार टर्बोला बसतो.

लॅपटॉप उघडण्याआधी टायमिंग गन पुलीवर मारा. ईसीयू १० अंश म्हणतो आणि पुलीवर १४ दिसतं, अशा गाड्या आमच्याकडे सतत येतात, आणि त्यांच्या मालकांनी आधीच दोन ट्यूनर बदललेले असतात. इंजेक्टरचा डेड टाइम (वीज मिळाल्यापासून उघडेपर्यंतचा वेळ) बॅटरीच्या व्होल्टेजप्रमाणे भरा, नाहीतर हेडलाइट लावल्यावर आयडल बिघडेल आणि तुम्ही फ्यूएल टेबल खराब करत बसाल. ड्यूटी, म्हणजे एका सायकलमध्ये इंजेक्टर उघडा राहण्याचा वाटा, ८५ टक्क्यांवर गेली तर मोठे इंजेक्टर घ्या. ७००० ला पूर्ण सायकलच १७ मिलिसेकंदांची असते, त्याहून जास्त वेळ कोणी आणून देणार नाही.

आमच्याकडे येणार असाल तर नवे प्लग लावून या, गॅप ०.६ ते ०.७ मिमी. बूस्ट लीकची टेस्ट करून या. रोज जे पेट्रोल भरता तेच भरून या, टाकी निम्म्याच्या वर. वाइडबँडच्या आधी एग्झॉस्ट कुठे फुंकत असेल तर ते वेल्डिंग आधी उरका. आणि सायलेन्सर किंवा डाउनपाइप (टर्बोनंतरचा एग्झॉस्ट पाइप) बदलायचा मनात असेल तर ट्यूनिंगच्या आधी बदला.