नैचं गाऱ्हाणं

१७ डिसेंबर, रात्री

आज तुर्कस्तानातल्या कोन्यात ‘शब-ए-अरूस’. १२७३ साली याच तारखेला सूफी कवी मौलाना जलालुद्दीन रूमी गेले आणि त्यांच्या पंथाने त्या मरणरात्रीला लग्नाच्या रात्रीचं नाव दिलं. ईश्वरापासूनचा विरह संपला, म्हणून. अशा रात्री ‘मस्नवी’चे, म्हणजे त्यांच्या फारसी दीर्घकाव्याचे, पहिले अठरा शेर पुन्हा वाचावेत. परंपरा सांगते की एवढेच रूमींच्या स्वतःच्या हातचे. पुढचं सगळं ते सांगत गेले आणि हुसामुद्दीन चेलबी उतरून घेत गेले.

‘बिश्नव ईं नै चूं शिकायत मीकुनद, अज़ जुदाईहा हिकायत मीकुनद.’ ऐक, ही नै, देवनळाचं हे फुंकवाद्य, कसं गाऱ्हाणं घालतेय, ताटातुटींची कहाणी सांगतेय. पुष्कळ छापील प्रतींत ‘शिकायत’ आणि ‘हिकायत’ यांची अदलाबदल दिसते. कोन्याच्या १२७८च्या हस्तलिखितात गाऱ्हाणं आधी आहे. तेच पटतं. माणूस आधी कण्हतो, मग सांगू लागतो.

नै म्हणजे बासरी, असं म्हणून आपण पुढे सरकतो आणि तिथेच गफलत होते. ही तिरकी धरतात, वरच्या उघड्या टोकाच्या कडेवर श्वास फोडतात. तुर्की नैला नऊ कांडी आणि सात भोकं. लांबीचे २६ सारखे भाग पाडायचे. खालून ४, ५, ६ आणि ८, ९, १० या खुणांवर पुढची सहा भोकं, आणि १३ वर, म्हणजे ऐन मध्यावर, मागचं अंगठ्याचं. त्याआधी देवनळ बेटातून तोडायचा, नीट वाळवायचा, पेरांतले पडदे आतून फोडायचे. भोकं तापल्या सळईने डागून पाडायची. ओल्या नळावर घाई केली तर तो तडकतो. पडदा अर्धवट राहिला तर सूर अडतो.

आता शेर वाचा. ‘नळांच्या बेटातून मला तोडलं तेव्हापासून’ ही तक्रार अक्षरशः खरी आहे. फिराकाने, विरहाने, ‘शर्हा शर्हा’, म्हणजे चिरफळ्या झालेली छाती हवी, आणि ती कशाला, तर ओढीच्या वेदनेची ‘शर्ह’ करायला, उलगडा करायला. चिरणं आणि उलगडणं एकाच ध्वनीत. आगीचा शेर तर त्याहून करकरीत: नैचा आवाज आग आहे, ‘नीस्त बाद’, वारा नव्हे, ज्याच्यात ही आग नाही तो ‘नीस्त बाद’, नाहीसा होवो. तेच दोन शब्द, आधी विधान, मग शाप. हा खेळ कुठल्याच भाषांतरात उतरत नाही.

नवशिक्याची नै सुरुवातीला नुसती फुसफुसते. तो जोर वाढवतो. चुकलेला असतो कोन.

विरहाच्या कवितेचं वाचनही असंच चुकतं. मीलन म्हणजे पोकळी भरून निघणं, असं आपण धरून चालतो. भरलेला नळ मुका असतो. ‘मस्नवी’तच दुसरीकडे रूमी म्हणतात की आपल्याला नैसारखी दोन तोंडं आहेत आणि त्यांतलं एक त्याच्या, म्हणजे ती वाजवणाऱ्या ईश्वराच्या, ओठांत लपलेलं आहे. रडणारं टोक आपल्याला ऐकू येतं, एवढंच. म्हणजे विरहाच्या ऐन सुरातही दुसरं टोक सुटलेलं नसतं.

अठराव्या शेरात ‘पुख़्ता’ आणि ‘ख़ाम’ समोरासमोर येतात. यातला पुख़्ता म्हणजे आपला ‘पोक्त’. पोक्ताची अवस्था कच्च्याला कळायची नाही, तेव्हा बोलणं आटोपतं घ्यावं, वस्सलाम, म्हणजे इथेच निरोप.

असं लिहून रूमी पुढे पंचवीस हजारांच्या आसपास शेर सांगत राहिले.