एकाहत्तर माणसं आणि अपुरा कोरम

त्या शनिवारी हॉलमध्ये एकाहत्तर माणसं होती आणि आमचा कोरम भरत नव्हता.

मोजणी मीच केली, तीन वेळा. विमान अभियंत्यांच्या एका राष्ट्रीय संस्थेच्या नागपूर चॅप्टरची मी सचिव. घटनेप्रमाणे वार्षिक सर्वसाधारण सभेला मताधिकार असलेले पंधरा सदस्य लागतात. समोर होते तेरा. बाकीचे अठ्ठावन्न म्हणजे मिहान या विमानतळालगतच्या औद्योगिक क्षेत्रातले टेक्निशियन, दोन कॉलेजांची पोरं आणि कुणाचे तरी सासरे, जे जावयाच्या गाडीतून आले होते आणि आता दुसरी प्लेट पोहे खात होते.

इथवर कशी आले ते आधी सांगते.

मी मिहानमध्ये विमानाचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीत आहे. चार वर्षांपूर्वी आमच्याच एका वरिष्ठांनी जेवणाच्या सुट्टीत विचारलं, "तुझं मराठी बरं आहे, इतिवृत्त लिहशील का?" मी हो म्हटलं. पुढच्या बैठकीत कळलं की इतिवृत्त लिहिणारा म्हणजे सचिव. आधीचे सचिव वायुसेनेतून निवृत्त झालेले होते आणि मुलाकडे बंगळुरूला चालले होते. त्यांनी दोन रजिस्टर, एक चेकबुक आणि सदस्यांची यादी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "बेटा, यादीवर फार विसंबू नकोस."

यादीत ११२ नावं होती. मी सगळ्यांना फोन करायचं ठरवलं. रोज संध्याकाळी सात-आठ फोन, जवळजवळ तीन आठवडे. अर्धे नंबर बंद. एका घरी बाईंनी उचलला. "साहेबांना जाऊन सहा वर्षं झाली. पण तुमचं पत्र येऊन राहिलं अजून. येऊ द्या, मी ठेवते त्यांच्या कपाटात." त्यानंतर मी त्या दिवशी पुढचा फोन केला नाही. त्यांचं नाव यादीतून काढायला मला आणखी वर्ष लागलं, तेही सीएंनी टोकलं म्हणून.

त्या यादीत एक गंमत होती. सदस्यत्वाच्या तारखा क्रमाने लावल्या की नागपूरचाच थर दिसतो. सगळ्यात जुने वायुसेनानगरचे. वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय इथे आहे, त्यामुळे विमान दुरुस्तीत आयुष्य घालवलेली माणसं निवृत्तीनंतर इथेच घर बांधतात. मग थोडे नागरी विमान वाहतूक खात्यातले, थोडे फ्लाइंग क्लबशी जोडलेले, काही प्राध्यापक. मग लांबलचक रिकामी जागा. आणि मग एकदम मिहान. २०१५ साली बोइंगने एअर इंडियासाठी बांधलेलं एमआरओ, म्हणजे विमानांच्या देखभाल-दुरुस्तीचं केंद्र, सुरू झालं. बोइंग ७८७ चे फ्लोअर बीम इथे बनतात. २०१७ मध्ये फाल्कन जेटच्या भागांच्या कारखान्याची पायाभरणी झाली. म्हणजे शहरात विमानाला रोज हात लावणारी माणसं वाढत होती आणि आमच्या यादीतली कमी होत होती.

फोन संपले तेव्हा जिवंत, नागपुरात असलेले आणि "येईन" म्हणणारे असे एकेचाळीस उरले. ठीक आहे म्हटलं, एक व्याख्यान ठेवू. हॉलचं भाडं द्यायला बँकेत गेले, तर खातं निष्क्रिय. दोन वर्षं व्यवहार नसला की खातं निष्क्रिय होतं, हे मला माहीत नव्हतं. दहा वर्षं झाली असती तर पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे गेले असते, तेवढं तरी वाचलं.

आता गाठ बघा. खातं चालू करायला सह्या करणारे हजर हवेत. तीन सह्यांपैकी एक वारलेले, एक बंगळुरूला, तिसरे म्हणाले, "मी कधी सही केली होती?" नवीन सह्या लावायच्या तर सर्वसाधारण सभेचा ठराव हवा. सभेत मत द्यायचं तर सदस्याची वर्गणी भरलेली हवी. वर्गणी केंद्रीय कार्यालयाकडे जाते, पण चॅप्टरचा वाटा आधीच्या वर्षाचे तपासलेले हिशेब गेल्याशिवाय परत येत नाही. आणि सीए हिशेब तपासायला बँक स्टेटमेंट मागतात, जे निष्क्रिय खात्याचं मिळवायला त्याच तीन सह्या लागतात.

बँकेतल्या बाई समजूतदार होत्या, पण त्यांच्याही हातात फारसं नव्हतं. सहा वेळा गेले. शेवटी तोडगा निघाला तो अगदी साधा. बंगळुरूच्या सरांनी तिथल्या शाखेत ओळख पटवून पत्र दिलं, "मी कधी सही केली" वाल्या काकांना मी स्कूटरवर मागे बसवून बँकेत नेलं, आणि मृत्यूचा दाखला कपाटात पत्रं ठेवणाऱ्या त्या बाईंनी दिला. वारलेले सही करणारे म्हणजे त्यांचेच साहेब. दाखल्याची झेरॉक्स देताना त्यांनी मला संत्रा बर्फी खायला घातली. खात्यात निघाले एकेचाळीस हजार तीनशे सतरा रुपये.

पहिलं व्याख्यान सपशेल पडलं. सिव्हिल लाइन्समधला चांगला एसी हॉल, रविवारी सकाळी अकरा वाजता, विषय कंपोझिट मटेरियल. चौदा माणसं, त्यातले वक्ते, मी आणि खजिनदार ताई धरून. वक्ते सभ्य होते, त्यांनी चाळीसही स्लाइड दाखवल्या. मला वाटलं, नागपूरकरांना रविवारी सकाळी तर्री पोह्यांपुढे काही सुचत नाही. आमच्याच कारखान्यातल्या एका मुलाने चूक दाखवली. "मॅडम, हँगरला रविवार असते का? आणि सिव्हिल लाइन्सले यायचं म्हणजे आम्ही खापरीहून येऊन कधी, जाऊन कधी?"

खरं होतं. आपण वेळ ठरवतो ती निवृत्त माणसांच्या सोयीची. मग वर्धा रोडवर मेट्रो स्टेशनपासून चालत जाता येईल असा एक साधा हॉल शोधला. एसी नाही, कूलर. शनिवार, दुपारी साडेचार. पहिली पाळी सुटली की माणूस घरी जाण्याआधी आमच्याकडे. पुढच्या कार्यक्रमाला बत्तीस जण आले. माझ्या मते सचिवाचं निम्मं काम इथेच आहे. वक्ता कितीही मोठा आणा, पाळी सुटण्याआधी ठेवला की खुर्च्या रिकाम्या.

त्या बत्तीसातल्या एकाने शेवटी हात वर केला. प्रश्न विचारेल वाटलं. म्हणाला, "मॅडम, हे सगळं छान आहे, पण मॉड्यूल ८ साठी काही करता येईल का?"

मॉड्यूल ८ म्हणजे बेसिक एरोडायनॅमिक्स. विमान देखभाल अभियंत्याचं लायसन्स हवं तर डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, मॉड्यूलवार परीक्षा असते, आणि पास व्हायला ७५ टक्के लागतात. हाताने इंजिन उघडून लावणारा माणूस कागदावर "लिफ्ट कोइफिशिएंट" पाहिला की अडतो. आमच्याकडे निवृत्त वायुसैनिक होते ज्यांना शिकवायची हौस होती आणि ऐकायला घरात कोणी नव्हतं. दोघांची गाठ घालून दिली. दर दुसऱ्या शनिवारी दीड तास, एकदा मॉड्यूल ८, एकदा मॉड्यूल ९, म्हणजे ह्यूमन फॅक्टर्स. थकवा, घाई, विसरणं, वरिष्ठाला नाही म्हणता न येणं. हा विषय शिकवणाऱ्या सरांनी पहिल्याच तासाला विचारलं, "मागच्या महिन्यात झोप न होता कोणी काम केलं?" सगळे हात वर. सर फळ्याकडे वळून बराच वेळ खडू शोधत राहिले.

मे महिन्यातल्या एका तासाची आठवण अजून निघते. पारा ४५ वर, कूलर गरम हवा फेकतोय. सरांनी डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे हवेच्या विरळपणामुळे विमानाला "वाटणारी" उंची, काढायला घेतली. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर, म्हणजे हजार फुटांच्या थोडं वर. प्रमाण वातावरणात त्या उंचीला तापमान १३ अंश धरतात. आज ४५, म्हणजे ३२ अंश जास्त. दर जास्तीच्या अंशाला उंचीत साधारण १२० फूट मिळवायचे. फळ्यावर बेरीज झाली पाच हजार फुटांच्या आसपास. सर म्हणाले, "म्हणजे आत्ता सोनेगावच्या धावपट्टीवर विमानाला वाटतंय की ते महाबळेश्वरच्याही वर उभं आहे. हवा विरळ, पंखाला आधार कमी, इंजिनाला श्वास कमी. धावायला जास्त लागणार, नाहीतर वजन उतरवा."

मागून आवाज आला, "मग थंडी काहून नाही वाजत बाप्पा?"

हॉल हसला, पण मी तीन जणांना ते गणित मोबाइलवर पुन्हा करून बघताना पाहिलं. पुढच्या परीक्षेत त्या वर्गातले चौघं मॉड्यूल ८ पास झाले. त्यात आमचं श्रेय किती, देव जाणे. पोरं रात्री अभ्यास करत होती.

मुलांसाठी थर्माकोल ग्लायडरची स्पर्धा घेतली ती मात्र डोकेदुखी. एक मुलगा घरून ड्रोन घेऊन आला. नागपूरचा विमानतळ शहराच्या कुशीत आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांत विमानतळाच्या हद्दीपासून आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात दोनशे फुटांपर्यंत ग्रीन झोन आहे. आठच्या आत सगळी परवानगीची भानगड, आणि आमचं मैदान आठच्या बरंच आत. त्याच्या आईला हे समजावण्यात माझा अर्धा तास गेला, तोवर ग्लायडरचा निकाल खजिनदार ताईंनी लावून टाकला होता. पुन्हा घेतली नाही.

आणि एक शनिवार काकांचा. "मी कधी सही केली होती" वाले तेच. ते साठच्या दशकात पोरवयात सोनेगावला मदतनीस म्हणून लागले होते. १९४९ पासून रात्रीची हवाई टपाल सेवा चालायची. मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रासहून विमानं निघायची, मध्यरात्री नागपुरात भेटायची, टपालाच्या पिशव्या आणि प्रवासी अदलाबदल करून आपापल्या गावी परतायची. देशाच्या मधोमध असल्याचा नागपूरला याहून रोकडा उपयोग कधी झाला नसेल. काकांकडे स्लाइड नव्हत्या. थंडीच्या रात्री चारही दिशांचे दिवे कसे दिसायचे, कोणत्या गावच्या पिशव्या जड असायच्या, एखादं विमान उशिरा आलं की बाकीचे प्रवासी चहा पीत कसे चिडायचे, हे ते तासभर सांगत होते. त्या दिवशी कोणीच मधून उठलं नाही. रात्रपाळीला जायचं होतं तेसुद्धा.

तर, सभा. वर्ग, काका, पोहे यांमुळे हॉल भरायला लागला होता आणि मी खूश होते. पण डिप्लोमा किंवा आयटीआय केलेल्या टेक्निशियनला आमच्या संस्थेत सहसदस्य होता येतं, मत देता येत नाही. ज्यांना मत आहे ते घरी. जे हॉलमध्ये आहेत त्यांना मत नाही. हा नियम बदला म्हणून मी केंद्रीय कार्यालयाला दोनदा लिहिलं. "विचाराधीन" असं उत्तर आलं, दोन्ही वेळा त्याच मजकुरात.

त्या शनिवारी पाच वाजेपर्यंत वाट पाहिली. एक सदस्य बुटीबोरीहून निघाले होते, एक लग्नात होते. अध्यक्ष म्हणाले, "काही नाही गं, अर्धा तास तहकूब करू आणि त्याच जागी घेऊ, मग कोरमची गरज नाही." मला हायसं वाटलं. इतक्यात पहिल्या रांगेतले एक वयस्कर सदस्य उठले. आयुष्यभर एअरवर्दीनेस, म्हणजे विमान उडण्यालायक आहे का, हे तपासलेला माणूस. खिशातून आमची नोटीस काढली, चष्मा लावला आणि शांतपणे म्हणाले, "मॅडम, तहकूब सभेची ओळ यात नाही."

नव्हती. "गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व तिला गणपूर्तीचे बंधन राहणार नाही." सोसायटीच्या फळ्यावरच्या प्रत्येक नोटिशीत वाचलेली ओळ. कारखान्यात मी दुसऱ्यांच्या रिपोर्टमधली सुटलेली सही पकडते, आणि माझ्या नोटिशीत हे. अध्यक्ष "जाऊ द्या ना" म्हणत होते. पण मागे ह्यूमन फॅक्टर्सचा अख्खा वर्ग बसलेला. त्यांच्यासमोर "चालतंय" म्हणायला जीभ वळेना.

सभा रद्द केली. एकवीस दिवसांची नवी नोटीस, पुन्हा टपाल, पुन्हा फोन. काका दाराशी थांबून म्हणाले, "आमचा कोरम चार विमानांचा होता, पोरी. तुझा पंधराचा. तरी बरं, तुझी माणसं फोन उचलतात."

एकवीस दिवसांनी अठरा आले. चौघांना टेक्निशियन मुलांनीच घरून गाडीवर आणलं होतं, घेऊन जा असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. हिशेब मंजूर झाले, सह्या बदलल्या, सगळं मिळून पंचवीस मिनिटं.

या वर्षी माझी मुदत संपली. नवा सचिव तरुण आहे, हुशार आहे, आमच्या मॉड्यूल वर्गातून आलेल्या पोरांना घेऊन फिरतो. मागच्या आठवड्यात त्याला म्हटलं, नोटिशीचा कच्चा मसुदा आधी मला पाठव. त्याने पाठवला. सुबक, संस्थेचं चिन्ह वगैरे, विषयपत्रिका नीट क्रमाने.

ती ओळ नव्हती.