बाबांना लागलेला चढ

बाबा भुसावळला मालगाडीवर गार्ड होते. तीस वर्षं गाडीच्या शेवटच्या डब्यात, म्हणजे ब्रेकव्हॅनमध्ये, गार्डाची पेटी आणि दोन झेंड्या घेऊन. मे महिन्यात ते अमेरिकेत, पिट्सबर्गला माझ्याकडे आले. पहिल्या आठवड्यात देऊळ झालं, म्युझियम झालं. होमस्टेडच्या शॉपिंग सेंटरमधून बूट घेतले. तिथे ओळीनं उभी बारा धुराडी बघून त्यांनी एवढंच विचारलं, "कारखाना कुठाय?" पोलादाचा होता, १९८६ मध्ये बंद झाला, म्हटलं. बाकी चेहऱ्यावर काही उमटेना.

मग त्यांना नदीकाठच्या स्टेशन स्क्वेअरला नेलं. पिट्सबर्ग अँड लेक एरी रेल्वेचं १९०१ सालचं स्टेशन. रंगीत काचांच्या कमानीखालच्या वेटिंग हॉलमध्ये आता मासे खायला मिळतात. बाबांनी मेनूकार्ड बाजूला सारलं. "लाइन केवढी होती रे?"

"पिट्सबर्ग ते यंग्सटाउन, ११० किलोमीटर."

"म्हणजे भुसावळहून अकोलासुद्धा नाही."

अंतरावर जाऊ नका, म्हटलं. १८७९ मध्ये सुरू झालेल्या या लाइनीला 'लिटल जायंट' म्हणत, कारण लांबीच्या मानानं माल प्रचंड. दगडी कोळसा, कोक म्हणजे भाजलेला कोळसा, लोहखनिज, चुनखडी भट्ट्यांकडे आणि पोलाद बाहेर. नावात लेक एरी, पण हिचे रूळ त्या सरोवरापर्यंत कधी पोचलेच नाहीत! बाबा खूश झाले. सगळं गिऱ्हाईक एकट्या पोलादाचं, हे मात्र त्यांना खटकलं. त्यांचं बरोबरच होतं. १९ सप्टेंबर १९७७ ला यंग्सटाउनचा कॅम्पबेल वर्क्स हा पोलाद कारखाना बंद होणार असं जाहीर झालं, सुमारे ५,००० माणसं घरी बसली. मग एकेक कारखाना मिटत गेला. १९९२ मध्ये लाइन सीएसएक्स या रेल्वे कंपनीनं घेतली.

हिची एक शाखा यॉकगेनी नदीच्या काठानं कॉनेल्सव्हिलला जायची. मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या घुमटी भट्ट्यांत भाजलेला कोक तिकडून यायचा. रूळ उखडून तिथे आता सायकलवाट केलीय, वर चुनखडीची चुरी. रविवारी वेस्ट न्यूटनला दोन सायकली भाड्यानं घेतल्या. जुन्या स्टेशनाच्या धर्तीवर तिथे नवी इमारत बांधलीय. बाबांनी तिला एक चक्कर मारली आणि म्हणाले, "घंटा कुठे टांगायचे?"

एकाहत्तराव्या वर्षी ते तासभर न उतरता सायकल मारत होते. मला कौतुक वाटत होतं, त्यांना नाही. "अरे, चढ कुठाय? पाचशे फुटांमागे एक फूटसुद्धा नसेल. कसाऱ्याच्या घाटात सदतिसाला एक, मागून ढकलायला बँकर इंजिन लावल्याशिवाय गाडी हलत नाही. इथे मालानं भरलेल्या वाघिणी नदीबरोबर उतरायच्या, रिकाम्या वर. ज्यानं आखणी केली त्याला माल कळत होता." मी या वाटेनं चार वर्षं सायकल चालवतोय. गुडघे का दुखत नाहीत याचं श्रेय मी सीटला देत होतो.

तेवढ्यात पलीकडच्या काठावरून सीएसएक्सची मालगाडी आली. तिकडची लाइन अजून चालू आहे. बाबा उतरले, ओठ हलवत डबे मोजू लागले. शेवटचा डबा दिसला तसा त्यांचा उजवा हात आपोआप वर गेला, ऑल राइटची खूण द्यायला.

मागे ब्रेकव्हॅन नव्हती. कपलिंगवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत होता.

बाबांनी हात खाली घेतला. "एकशे चार," म्हणाले. "पाणी दे."