दुपारचा दर

टेक्सासहून आलेल्या माणसाला नाशिकात स्टेक, म्हणजे भाजलेला मांसाचा जाड तुकडा, खाऊ घालणे म्हणजे निफाडकराला पुण्याहून द्राक्षांची पेटी पाठवण्यासारखे आहे, हे मला कळत होते. तरीही डिसेंबरात भाचा पंधरा दिवसांसाठी आला, तेव्हा त्याच्या मामीने गंगापूर रस्त्यावरच्या एका उंची स्टेकहाउसचे नाव काढले आणि माझा इलाज चालला नाही. मामा बरोबर असताना बिल भाच्याने द्यायचे नाही, हा आमच्या घरचा दंडक असल्यामुळे आदल्या रात्री मी त्या हॉटेलचा मेनू फोनवर नीट वाचून काढला. रात्री नुसत्या मटण चापांना १,४५० रुपये पडत होते. सोमवार ते गुरुवार दुपारी मात्र सूप, मुख्य पदार्थ आणि गोड मिळून माणशी ८५० रुपयांत भागत होते.

एवढा फरक पाहून मला प्रथम संशयच आला. पण जागेचे भाडे, भट्टी आणि आचाऱ्यांचा पगार दुपारीही चालूच असतो, आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी रिकामी राहिलेली टेबले काही कमावत नाहीत. शिवाय अशा स्वयंपाकघरात रात्रीच्या देखण्या तुकड्यांसाठी मांस छाटावे लागते आणि त्या छाटणीतून हाडे आणि चांगले मांस उरते. दुपारच्या सुपाचा उगम तिथे असतो. हे शिळेपाके नव्हे. आपल्याकडे कोथिंबिरीच्या काड्या आमटीत जातात, त्याच जातीचा हा व्यवहार आहे.

महाराष्ट्रात मार्च २०१५ पासून गाईबरोबरच बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी असल्याने इथे स्टेक म्हणजे एकतर म्हशीचा अंडरकट, नाहीतर बोकड, कोंबडी किंवा मासा. भाच्याने याबद्दल कुरकुर केली नाही. उलट तिकडच्या दरांचे वर्णन करून त्याने माझी भीती कमी केली. अमेरिकेत मांसातल्या चरबीच्या जाळीवरून ‘प्राइम’, ‘चॉइस’ आणि ‘सिलेक्ट’ अशा प्रती ठरतात, आणि उंची स्टेकहाउसात बशीत पुष्कळदा नुसता मांसाचा तुकडाच येतो. बटाटा वेगळा, पालक वेगळा आणि त्यांचे पैसेही वेगळे. त्यावर कर चढतो आणि अठरा-वीस टक्के टीप देण्याची रीत आहे. “मामा, तिकडे मेनूवरचा आकडा म्हणजे नुसती प्रस्तावना असते,” असे तो म्हणाला.

त्याने तीनशे रुपये वर देऊन अंडरकट मागवला, मामीने चाप घेतले आणि मी मंद आचेवर शिजवलेला बोकडाचा खांदा. माझ्या निवडीमागे काटकसर नव्हती, असे मी म्हणणार नाही. पण केवळ काटकसर नव्हती. अंडरकट हा कण्याच्या आतल्या बाजूचा स्नायू. जनावराला त्याचा वापर जन्मभर फारसा करावा लागत नाही, म्हणून तो मऊ राहतो; आणि एका जनावरात तो थोडाच निघतो, म्हणून महाग असतो. चवीला मात्र तो जरा मुखदुर्बळच. खांद्याने आयुष्यभर भार वाहिलेला असतो. त्यातले चिवट धागे दोन-तीन तास सौम्य उष्णतेत राहिले की विरघळून चिकट, दाट रस सोडतात. माझी आई रविवारी मटणाच्या दुकानात उभी राहिली की “मांडी पाहुण्यांना दे, मला खांदा आणि दोन नळ्या टाक,” असे सांगत असे. काळ्या मसाल्याच्या रश्श्याला जी चव येई, ती त्या खांद्याचीच होती. अशा हॉटेलात रात्रीचे गिऱ्हाईक मऊपणाचे पैसे मोजते. दुपारी आम्हाला आचाऱ्याचे तीन तास जवळजवळ फुकट मिळत होते.

जेवण आले तेव्हा मामीने चापांना बोटाने स्पर्श करून “गार करून आणलेत वाटते,” असे वाढप्याला सुनावले. भट्टीवरून उतरवलेले मांस पाच मिनिटे तसेच ठेवतात, नाहीतर सुरी लावताच रस बशीत वाहून जातो, असे त्याने अदबीने सांगितले. तिचे समाधान झाले नाही, पण चाप संपले. भाच्याचा तुकडा आत गुलाबी होता आणि आमच्या भाषेत त्याला कच्चे म्हणतात, हे तिने दोनदा बोलून दाखवले. त्याने डोळे मिटून पहिला घास खाल्ला आणि मग माझ्या बशीकडे पाहिले. खांद्याला सुरी लागतच नव्हती. काट्याने ढकलले की मांस हाडापासून सुटत होते. निम्मा खांदा त्याने न विचारता स्वतःच्या बशीत ओढला. भाच्याचा हा हक्क मीही माझ्या मामांकडे बजावलेला आहे.

बिल पाच टक्के जीएसटी धरून २,९९३ रुपये झाले. सेवाशुल्काची ओळ कुठे दडली आहे का, हे मी दोनदा पाहिले. २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ते आपोआप लावायचे नसते आणि इथे लावलेलेही नव्हते. त्या आनंदात मी वाढप्याला दोनशे रुपये ठेवले. मामीने मात्र उरलेला लोण्यातला कुस्करलेला बटाटा बांधून मागितला. त्या चकचकीत काचेच्या दालनात मला क्षणभर संकोच वाटला, पण वाढप्याने तो कागदी डब्यात घालून निमूट आणून दिला. संध्याकाळी तिने त्यात ज्वारीचे पीठ, मिरची आणि कोथिंबीर मळून थालीपिठे लावली, आणि दुपारी अंडरकट खाल्लेल्या भाच्याने त्यातली चार दह्याबरोबर संपवली.