कन्व्हर्टिबल की हार्डटॉप? आधी छत उघडून दाखवा!

स्पोर्ट्स कार घ्यायचीय पण उघड्या छताची की बंद छताची यावर गाडी अडलीय, अशांसाठी हे लिहितेय. आणि खरं सांगायचं तर त्या एका शोरूमवरचा माझा राग अजून उतरलेला नाही, म्हणूनही लिहितेय. लोन, कागदपत्रं, ट्रान्सफर हे सगळं सुरळीत झालं, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मी अडकले ती फक्त छतापाशी.

माझ्या डोक्यात आधी दोन नावं होती. बंद छतात टोयोटा जीआर८६ आणि उघड्यात माझदा एमएक्स-५. कागदावर बघितलं तर जीआर८६ जास्त शहाणपणाची वाटते. २.४ लिटरचं बॉक्सर (सिलिंडर आडवे, समोरासमोर असलेलं) इंजिन, मागे नावाला का होईना दोन सीट, आणि मागच्या सीटची पाठ पाडली की डिकीतून आत चार टायर बसतात, म्हणजे ट्रॅकवर जाणाऱ्यांची सोयच झाली. एमएक्स-५ ला सीटच दोन आणि डिकी १३० लिटर, त्यात दोन मऊ बॅगा गेल्या तर नशीब. पण एकदा टप, म्हणजे तिचं कापडी छत, खाली करून चालवली की हे सगळं आकड्यांचं डोक्यातून जातं हो, इंजिनचा आवाज, टायरचा आवाज, शेजारच्या शेतातल्या ओल्या मातीचा वास, सगळं थेट अंगावर येतं आणि ६० च्या स्पीडला सुद्धा आपण काहीतरी करतोय असं वाटतं.

मग दोन्हीच्या मधलं काहीतरी शोधू म्हणून मी तिसऱ्या प्रकाराकडे वळले, बटण दाबलं की घडी होऊन डिकीत जाणारं पत्र्याचं छत. ऐकायला एकदम भारी, बंद असताना कूपे (बंद छताची स्पोर्ट्स कार), उघडलं की कन्व्हर्टिबल. कल्पना जुनीच आहे, प्यूजोने १९३० च्या दशकात आणि फोर्डने १९५७ च्या स्कायलायनरमध्ये अशी छतं दिली होती, पण मर्सिडीजची एसएलके १९९६ मध्ये आली आणि मग बऱ्याच कंपन्या त्याच्या मागे लागल्या. तर अशीच एक वापरलेली, चांगल्या कंडिशनची म्हणवली जाणारी गाडी एका शोरूममध्ये सापडली. (गाडीचं आणि शोरूमचं नाव देत नाही.) जाहिरातीतल्या सगळ्या फोटोंमध्ये छत उघडं, आणि शोरूममध्ये गाडी उभी ती छत बंद करून.

मी म्हटलं, छत उघडून दाखवा. तर म्हणे मॅडम, बॅटरी उतरलीय, चार्जिंगला लावून ठेवतो, तुम्ही नंतर या. ठीक आहे, हे खरं असू शकतं, ही छतं भरपूर करंट खातात आणि व्होल्टेज कमी असेल तर हलतही नाहीत, म्हणूनच इंजिन चालू ठेवून छत चालवायचं असतं. नंतर गेले तर म्हणे ते चालवणारा आमचा माणूस सुट्टीवर आहे. अहो, एक बटण आहे! त्याच्यानंतर म्हणे आत जागा नाही, मागचं झाकण वर उचललं की भिंतीला लागेल, गाडी बाहेर काढायला हवी आणि बाहेर भुरभुर चालू आहे. प्रत्येक वेळी चहा, प्रत्येक वेळी खुर्ची, प्रत्येक वेळी "दोनच मिनिटं मॅडम" आणि मग तास जायचा. मधेच फोन यायचा की दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, तुम्ही टोकन देऊन टाका, टोकन आलं की सगळं निवांत दाखवतो. म्हणजे जी गोष्ट बघून मी निर्णय घेणार तीच गोष्ट पैसे दिल्यावर बघायची! माझा दादा सोबत होता, तो म्हणाला सोड, छत काय आज ना उद्या उघडेलच, इंजिन तर छान चाललंय. पण मी अडून बसले, कारण अशा गाडीत छत म्हणजे इंजिनाइतकंच महागाचं यंत्र असतं.

बघा ना आत काय काय घडतं. बटण दाबलं की आधी काचा थोड्या खाली येतात, मग मागचं मोठं झाकण उलट्या बाजूने उघडतं, मग छताचे तुकडे एकमेकांवर दुमडत आत उतरतात, झाकण परत बसतं, लॉक लागतं. हे सगळं ढकलायला हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारा) पंप, त्याच्या नळ्या, सिलिंडर आणि प्रत्येक टप्प्यावर सेन्सर किंवा छोटे स्विच. एका स्विचने "मी जागेवर नाही" म्हटलं की सगळं जिथल्या तिथे थांबतं. डिकीत सामान आणि छताची जागा वेगळी ठेवणारा आडवा पडदा असतो, तो लावलेला नसेल तरी छत हलत नाही, हे मला आधीच माहीत होतं, म्हणून तो पडदा मीच जाऊन नीट अडकवला, नाहीतर तोही बहाणा झाला असता.

शेवटी मी सांगितलं की गाडी बाहेर काढा, पाऊस आला तर मी भिजेन, तुमची सीट भिजली तर पुसून देईन. तेव्हा कुठे काढली. बटण दाबलं. झाकण उघडलं, छत उचललं गेलं आणि अर्ध्यावर हवेत थांबलं. टूं टूं आवाज. सेल्सवाला म्हणतो कधीकधी होतं असं, हलका हात लावावा लागतो, आणि चक्क दोघेजण छत ढकलायला लागले. तेवढ्यात मी डिकीत वाकून बाजूचं अस्तर थोडं बाजूला केलं तर आत पत्र्यावर तेलाचा ओघळ, बोटाला चिकट लागला. खालचं कार्पेट दाबलं तर बोटांभोवती पाणी वर आलं. म्हणे कालच वॉशिंग केलंय. वॉशिंगचं पाणी कार्पेटखालच्या स्पंजात कसं जाईल? मी किल्ली त्यांच्या हातात दिली आणि निघाले. टोकन दिलं नाही याचा मला आजही अभिमान वाटतो. एवढे दिवस झुलवल्याबद्दल एक शब्द नाही निघाला त्यांच्या तोंडून!

तर पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, छत तुमच्यासमोर किमान दोनदा उघडून बंद झालं पाहिजे, इंजिन गरम असताना एकदा आणि थंड असताना एकदा. नाही म्हणाले तर उठा.

पाण्याचं म्हणाल तर कन्व्हर्टिबलमध्ये थोडं पाणी कडेने आत येणारच असं धरून ते बाहेर काढायला नळ्या दिलेल्या असतात. त्या पानांनी, मातीने तुंबल्या की पाणी केबिनमध्ये किंवा कडेच्या पत्र्यात साठतं, जुन्या एमएक्स-५ ची सिल, म्हणजे दरवाज्याखालची पत्र्याची पट्टी, तिथूनच गंजते. नळीच्या तोंडाशी पेलाभर पाणी ओता आणि गाडीखाली पडतं का बघा. दरवाज्याखालचा पत्रा हाताने चाचपडून बघा.

खराब रस्त्यावर नक्की चालवा. बंद गाडीची बॉडी झाकण लावलेल्या डब्यासारखी, झाकण काढलं की डबा हाताने पिळता येतो. म्हणून कंपनी खालून आडवे पट्टे टाकते, सिल जाड करते, पुढच्या काचेची चौकट मजबूत करते, आणि वजन वाढतं. खड्ड्यावर आतला आरसा आणि स्टिअरिंग थरथरतं का ते बघा, तिथे लगेच कळतं. मुळातच उघडी म्हणून डिझाइन केलेल्या गाड्यांत हे कमी जाणवतं. बीएमडब्ल्यू झी४ आणि टोयोटा सुप्रा बघा, एकाच प्लॅटफॉर्मवर (खालच्या सांगाड्यावर), ऑस्ट्रियात ग्राझच्या एकाच कारखान्यात बनवल्या, पण झी४ फक्त उघडी आणि सुप्रा फक्त बंद. आणि हो, २००९ च्या झी४ ला पत्र्याचं घडीचं छत होतं, २०१८ ला नवीन आली तर परत कापड! हे वाचलं तेव्हा माझं मन कापडाकडे झुकलं ते झुकलंच.

ट्रॅकवर जायचं असेल तर आधी आयोजकांना विचारा, बऱ्याच ठिकाणी उघड्या गाडीला रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारा सीटमागचा मजबूत दांडा) लागतो आणि हेल्मेट त्या बारपासून पुढच्या काचेच्या वरच्या कडेपर्यंत धरलेल्या काठीच्या खाली राहावं लागतं. उंच माणसांनी आधी हे बघा, मग बाकीचं. आठवड्याआड ट्रॅक असेल तर सरळ कूपे घ्या, मीही जीआर८६ च घेतली असती.

एमएक्स-५ आरएफचा, म्हणजे तिच्याच घडीच्या पत्र्याच्या छताच्या प्रकाराचा, विचारही केला, तिचं छत साधारण १३ सेकंदांत उघडतं आणि डिकी जवळपास तेवढीच राहते, पण वजन सुमारे ४५ किलो जास्त आणि परत मोटर आल्या, सेन्सर आले. नको. मी साधी कापडी टपाची एमएक्स-५ घेतली, वापरलेलीच. तिच्या मालकाने मी विचारायच्या आधीच सीटवर बसल्या बसल्या मधला एक खटका काढला, हात मागे नेला आणि टप खाली! एवढं हलकं वाटलं मला की काय सांगू, तिथेच ठरलं.

टप उघडा ठेवून हायवेच्या स्पीडला निदान अर्धा तास चालवा, वारा मागून फिरून मानेवर येतो आणि काहींचं डोकं दुखतं, सीटमागची वारा अडवणारी जाळी लावून आणि काढून दोन्ही बघा. मागची खिडकी काचेची आहे की प्लॅस्टिकची तेही बघा, जुन्या गाड्यांतलं प्लॅस्टिक पिवळं पडतं आणि घडीवर तडकतं. आणि कापड ओलं असताना घडी घालून ठेवू नका, बुरशी धरते. आधी वाळू द्या, मगच खाली करा.