आमची वाटचाल : निळ्या टोपणाची ट्यूब

1998 साली लातूरला औसा रोडवरच्या एका गाळ्यात लॅब टाकली, तेव्हा एक मायक्रोस्कोप, एक सेंट्रिफ्यूज आणि घरचाच फ्रिज होता. शुगर, लघवी, हिमोग्लोबिन यांवर पंधरा-सोळा वर्षं निघाली. त्यात सांगण्यासारखं फारसं नाही.

सांगायचंय ते एका चुकीबद्दल. टॉन्सिलच्या ऑपरेशनआधी एका मुलाची फॉन विलेब्रँड फॅक्टरची तपासणी आली. प्लेटलेटना जखमेवर धरून ठेवणारं हे प्रथिन. ते जन्मतः कमी असण्याचा आजार फिनलंडच्या एरिक फॉन विलेब्रँड यांनी 1926 साली मांडला. नाजूक तपासणी म्हणून आम्ही निळ्या टोपणाची ट्यूब (रक्त गोठण्याच्या तपासण्यांसाठी हीच वापरतात) बर्फात पुरली आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला धाडली. रिपोर्ट कमी आला, ऑपरेशन थांबलं. पण त्या पोराचा कधी साधा घोळणाही फुटला नव्हता. पुन्हा रक्त घेतलं, प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पेशींशिवायचा पातळ भाग, इथेच वेगळा केला, गोठवून पाठवला. सगळं नॉर्मल! अख्खं रक्त गार ठेवलं की हा फॅक्टर ट्यूबमध्येच घटतो. पुण्याची मशीन बरोबर होती. घोळ आमच्या थर्माकोलच्या डब्यात होता.

2016 साली, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं त्या वर्षी, कर्ज काढून रक्त गोठण्याच्या तपासण्या करणारा ऑटोमॅटिक कोअ‍ॅग्युलोमीटर घेतला. या फॅक्टरचं काम मोजायची जुनी पद्धत रिस्टोसेटिनची. हे मुळात अँटिबायोटिक. पेशंटच्या प्लेटलेट घटवायचं म्हणून दवाखान्यातून बाद झालं आणि लॅबमध्ये कामाला लागलं. त्या पद्धतीत तोच प्लाझ्मा सकाळी एक आकडा देई, संध्याकाळी दुसरा. नव्या पद्धतीत लेटेक्सचे बारीक कण वापरतात आणि मोजणी मशीन करते, म्हणून आकडा कमी हलतो.

कंपनीच्या इंजिनिअरनं दाखवलेला आलेख देखणा होता. पण ठिपके सगळे वरच्या बाजूला! नॉर्मल लोकांवर कुठलीही मशीन हुशारच दिसते. निदान ठरतं 30 ते 50 टक्क्यांच्या खाली, तिथे काय? म्हणून आम्ही प्लाझ्मा पातळ करत करत खाली नेला, पाच दिवस रोज चालवला. स्टाफ, नातेवाईक, समोरचा चहावाला असे वीस निरोगी लोक गाठले. त्यातले 'ओ' गटाचे खालीच बसले. या गटात फॅक्टर सरासरी पाव हिश्श्यानं कमीच असतो. हे ठाऊक नसेल तर चांगल्याभल्या माणसाला आजारी ठरवाल.

फॅक्टरची मात्रा आणि त्याचं काम, दोन्ही मोजतो. काम भागिले मात्रा 0.7 च्या खाली गेलं तर प्रथिन आहे पण नीट चालत नाही, म्हणजे या आजाराच्या टाईप 2 प्रकाराचा संशय. मात्राच अगदी कमी असेल तर मात्र या भागाकारावर माझा भरवसा नाही. संधिवाताच्या पेशंटचा आकडा फुगलेला दिसला तरी मी थांबते. रुमॅटॉइड फॅक्टर, म्हणजे अशा पेशंटच्या रक्तात सापडणारं एक प्रतिपिंड, लेटेक्सला फसवतो.

आता उदगीर, अहमदपूर, निलंग्याहून मुली येतात. "अंगावरून लई जातंय, आईचंबी असंच होतं," म्हणतात. आधी वाटायचं, बायकांचं असतंच. आता निळ्या टोपणाची ट्यूब काढते.

गेल्या मे महिन्यात कलेक्शनचा पोरगा ती ट्यूब बर्फाच्या पिशवीत घेऊन आला. डब्यावर 'बर्फ नको' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं. "मॅडम, ऊन लई होतं ना." त्या मुलीला फोन करून पुन्हा बोलावलं. एसटीचं भाडं आम्ही दिलं.