सुकाणूच्या मोटरसाठी ड्रायव्हर: आधी मोटर मोजा, मग मॉड्यूल घ्या

शिडाच्या बोटीसाठी स्वतः ऑटोपायलट करायचा म्हटलं की सगळं डोकं कंपास सेन्सर आणि सॉफ्टवेअरमध्ये जातं. मोटर चालवणारं सर्किट शेवटी कधीतरी ऑनलाइन मागवलं जातं, आणि समुद्रात आधी जळतं ते तेच. पायपायलटसारख्या ओपन सोर्स प्रणालीत रास्पबेरी पाय हा छोटा संगणक विचार करतो आणि मोटरचं काम वेगळ्या आर्डुइनोकडे, म्हणजे छोट्या कंट्रोलर बोर्डकडे असतं. इथे बोलायचंय ते त्या आर्डुइनोच्या पुढच्या एच-ब्रिजबद्दल, म्हणजे मोटर दोन्ही दिशांना फिरवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचच्या सर्किटबद्दल. ड्रायव्हर म्हणतात तो हाच.

मोटरच्या पाटीवरचा करंट ती सुखाने फिरत असतानाचा असतो. लाटेने सुकाणू दाबून धरलं की मोटर थांबते, आणि थांबलेली मोटर म्हणजे नुसती तांब्याची तार. ड्रायव्हर निवडायचा तो अशा अडलेल्या मोटरच्या करंटवर, म्हणजे स्टॉल करंटवर. मल्टिमीटरने ओहम मोजून उपयोग नाही, इतक्या कमी रोधाला ब्रशचा स्पर्शच घोळ घालतो. शाफ्ट व्हाइसमध्ये घट्ट धरा, बेंच सप्लायवर ३ अँपिअरची मर्यादा लावा आणि मोटरच्या टर्मिनलवर व्होल्टेज बघा. समजा ०.९ व्होल्ट आले, म्हणजे रोध ०.३ ओहम. शाफ्ट थोडा फिरवून तीन-चार जागी मोजा आणि सगळ्यात कमी रोध धरा. त्यात वायर आणि ब्रिजचे मिळून ०.१२ ओहम धरले, तर १२.६ व्होल्टला ३० अँपिअर. इंजिन चालू असून बॅटरी १४.४ वर असेल तर ३४. पूर्ण वेगात फिरणारी मोटर एकदम उलटी फिरवली तर जवळजवळ दुप्पट, म्हणून दिशा बदलताना वेग हळूहळू उतरवणं सॉफ्टवेअरमध्ये हवंच.

आता मॉड्यूल. एल२९८एन विसरा: २ अँपिअरलाच त्यात ४.९ व्होल्टपर्यंत खाल्ले जाऊ शकतात. बीटीएस७९६० चं आयबीटी-२ मॉड्यूल स्वस्त आहे, पण त्यावर मिरवलेले ४३ अँपिअर ही चिपची करंट तोडायची पातळी आहे, दिवसभर वाहून नेण्याची क्षमता नव्हे. दोन चिपमधून जाणाऱ्या वाटेचा मिळून रोध थंड असताना १६ मिलिओहम, म्हणजे १० अँपिअरला १.६ वॅट उष्णता. तापल्यावर आणखी वाढते, आणि पाणी जाऊ नये म्हणून बंद केलेल्या डब्यात ती जाणार कुठे? सलग १० अँपिअर धरा, आणि हीटसिंकची उष्णता अॅल्युमिनियमच्या डब्याला पोचू द्या. सायट्रॉनचं एमडी१३एस सलग १३ आणि क्षणभर ३० अँपिअरचं आहे. मधल्या आकाराच्या टिलरला (सुकाणूच्या दांड्याला) ते बरं पडतं.

रिले लावून काम भागेल असं वाटतं. सुकाणू मिनिटाला दहा वेळा हललं तर दिवसाला १४,४०० खटके होतात. लाख खटक्यांचा रिले आठवडाभरात संपला, आणि डीसीवर त्याचे कॉन्टॅक्ट चिकटतात ते वेगळंच.

करंट मर्यादा कोडमध्ये घाला. १० मिलिओहमचा शंट, म्हणजे करंट मोजायचा छोटा रोधक, घेतला तर १२ अँपिअरला १२० मिलिव्होल्ट मिळतात. त्यात जवळपास दीड वॅट जिरतात, म्हणून शंट ५ वॅटचा घ्या. पीडब्ल्यूएमचा (वेग ठरवण्यासाठी करंट झपाट्याने चालू-बंद करण्याचा) गोंधळ गाळायला १० किलोओहमचा रोधक आणि १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. शंट ब्रिजच्या ग्राउंडकडे असेल तर एक मेख लक्षात ठेवा: ब्रेक लावताना करंट ब्रिजमध्येच गोल फिरतो, शंटला दिसत नाही.

बॅटरी उलटी जोडली जाईल या भीतीने ब्रिजच्या आधी डायोड टाकू नका. मोटर मंदावताना ऊर्जा बॅटरीकडे परत येते. वाट अडली की व्होल्टेज चढतं आणि ब्रिजमधले मॉस्फेट, म्हणजे ते इलेक्ट्रॉनिक स्विच, उडतात. ब्रिजला चिकटून ३५ व्होल्टचा १००० मायक्रोफॅरड कपॅसिटर आणि १८ व्होल्ट स्टँडऑफचा टीव्हीएस डायोड (१८ व्होल्टपर्यंत गप्प राहून त्यावरचा उसळता व्होल्टेज दाबणारा) द्या. फ्यूज १५ अँपिअरचा, बॅटरीजवळ. तो वायर वाचवतो, मॉस्फेट नाही. बॅटरी ५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १० मीटर होतात. १.५ चौरस मिमी वायरमध्ये १० अँपिअरला १.३ व्होल्ट जातात, ६ मध्ये ०.३३. वायर कथिलाचा मुलामा असलेलीच घ्या, साधं तांबं खाऱ्या हवेत आतून हिरवं पडतं.

गाडीची वायपर मोटर वापरणाऱ्यांसाठी खास सूचना: बऱ्याच वायपर मोटरचा एक ब्रश बॉडीला जोडलेला असतो. एच-ब्रिज दिशा बदलतो तेव्हा तीच बॉडी १२ व्होल्टवर येते. मोटर ग्राउंड असलेल्या धातूच्या ब्रॅकेटवर असेल तर सरळ शॉर्ट. आधी टर्मिनल आणि बॉडी यांच्यात कंटिन्युइटी बघा. वाजलं तर उघडून ती तार वेगळी काढा, नाहीतर बुश आणि नायलॉन वॉशर घालून मोटर पूर्ण अलग बसवा.

मॉस्फेट मरतो तेव्हा बहुतेक वेळा शॉर्ट होऊन मरतो. मग मोटर सुकाणूला एका टोकापर्यंत दामटत नेते आणि कोड काहीच करू शकत नाही. दोन्ही टोकांना नॉर्मली क्लोज्ड लिमिट स्विच थेट मोटरच्या तारेत घाला. प्रत्येकाला मोटरचा करंट झेपेल असा डायोड समांतर जोडा, म्हणजे टोकाहून परत फिरता येतं. क्लचच्या, म्हणजे मोटर सुकाणूला जोडणाऱ्या-सोडवणाऱ्या भागाच्या, कॉइलवर १एन४००७ डायोड उलटा लावा. आणि क्लचचा पुरवठा आर्डुइनोकडून येत असला तरी वाटेत एक साधा टॉगल स्विच असू द्या, सुकाणू धरलेल्याचा हात न उठता पोचेल असा. क्लच नसेल तर रॅमची (टिलर ढकलणाऱ्या दांड्याची) पिन एका हाताने उचलली जाते का, हे बोट धक्क्याला बांधलेली असतानाच बघून घ्या.